दारातल्या चपला

जुन्या पुस्तकातून कडुलिंबाचा वाळलेला पाला पडला आणि त्या वासासरशी मला लातूरचं मिशनचं कॉलेज आठवलं.

माझं शिक्षण थांबवून मला घरी न्यायला अब्बा आले होते. ग्रंथालयाच्या दारात त्यांनी चपला काढल्या.

"राहू द्या चाचा, चर्च पलीकडं आहे," ग्रंथालय सांभाळणाऱ्या सिस्टर म्हणाल्या.

"इथं किताबा हायेत नव्हं? मग ही जागाबी पाकच हाय."

सिस्टरनी आपल्याही चपला काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. गार फरशीवर अनवाणी उभे राहून अब्बा कितीतरी वेळ कपाटं बघत राहिले. तेव्हा मला नुसता संकोच वाटला. आज तो गारवा माझ्या तळव्यांना जाणवतो.

मग चपला घालत अब्बा मला म्हणाले, "बस वाचत. आता रोज संध्याकाळी न्यायला येत जाईन."