तोडणी यादीचा पत्ता

"हे नुसतं दार आहे. घर माझ्याकडे आहे," असं म्हणत तो आमच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट आपटायचा आणि मग ते बोट रुमालाने पुसायचा. शेतकी खात्याच्या धुळीने त्याचं बोट मळायचं म्हणे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमच्या साखर कारखान्यात सहा कॉम्प्युटर नुकतेच एकमेकांना जोडले होते आणि त्यांचा हा प्रमुख. ऊसतोडणीच्या यादीचा फोल्डर त्याच्या खोलीतल्या मोठ्या मशिनवर असे, आमच्या पडद्यावर त्याचा फक्त शॉर्टकट. उजवं बटण दाबून प्रॉपर्टीज उघडल्या की टार्गेटच्या रकान्यात त्या फोल्डरचा पत्ता दिसे. एवढंच ते शास्त्र. पण त्या रकान्यात चार अक्षरं बदलायची तर हा गृहस्थ आम्हाला खुर्चीवरून उठवून भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उथळ पाण्याला खळखळाट फार.

कार्यकारी संचालकांच्या शॉर्टकटला त्याने चावीचं चित्र दिलं होतं, आम्हाला झाडाचं. शेतकी खातं ना.

दर हंगामाला नवा फोल्डर व्हायचा आणि प्रत्येक शॉर्टकटचा पत्ता बदलावा लागायचा. त्या वर्षी त्याने खंडेनवमीचा मुहूर्त धरला. मशिनला हळदकुंकू, झेंडूची माळ. संचालकांच्या कॉम्प्युटरवरचा पत्ता बदलला, नारळ फुटला. "मुहूर्ताचं झालं, बाकीचे करू सावकाश," म्हणाला आणि पेढे खात बसला. बाकीचे राहूनच गेले.

साळवे आमच्याकडचा हंगामी कारकून. नऊ हंगाम राबल्यावर त्या वर्षी तो कायम व्हायचा होता. त्याने शॉर्टकट उघडला, यादी छापली आणि तोडणीच्या टोळ्यांना दिली. यादी गेल्या हंगामाची निघाली. साल फोल्डरच्या नावात होतं, कागदावर नव्हतं. बाहेरगावच्या टोळीने कोल्हारला सात महिन्यांचा कोवळा ऊस आडवा केला. मालक हातात कांडं घेऊन आला.

"ह्ये काय जनावरास्नी घालायचं बाटूक वाटलं का तुमाला?"

"यादीत हुतं, दादा," साळवे म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

चौकशी दुपारी होती. सकाळी साळवे यायच्या आत कॉम्प्युटरचा तो प्रमुख आमच्या खोलीत आला, साळव्याचा कॉम्प्युटर लावला आणि पत्ता बदलला. मी शेजारच्या टेबलाशी होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत मान घातली.

दुपारी त्याने सगळ्यांदेखत त्याच प्रॉपर्टीज उघडून दाखवल्या. "पत्ता बरोबर आहे. माणूस चुकला." संचालकसाहेबांनी मला विचारलं, पत्ता आधीपासून हाच होता का. मी म्हणालो, "मला त्यातलं कळत नाही."

साळव्याला घरी बसवलं. तो नालायक प्रमुख वर्षभरात पुण्याला मोठ्या नोकरीवर गेला. शाल-श्रीफळ झालं, टाळ्या मीही वाजवल्या.

पुढे बेलापूरच्या बाजारात साळवे भेटला. भेटल्याबरोबर मी त्या प्रमुखाला शिव्या घालू लागलो. कसा हलकट, कसा उलट्या काळजाचा. साळव्याने सगळं ऐकून घेतलं.

"जाऊ द्या, त्ये गेलं पुन्याला," तो म्हणाला. "पर तुमी म्हनाला, त्यातलं कळत न्हाई. शॉर्टकट म्हंजी काय, त्ये मला तुमीच शिकवलं हुतं."

मग घरच्यांची विचारपूस करून तो एस्टी स्टँडकडे गेला.