आक्कांच्या हातचं पीठ

भागीरथीआक्का म्हणजे माझी आत्या. गिरणीतून आलेलं पीठ त्या आधी गालाला लावून बघत. ऊन लागलं की म्हणत, "भाजून आणलंय हे. भाकरी ऱ्हाऊ दे, पतंग चिकटवायला बी कामाचं न्हाय." निपाणीत गिरणी आली तरी आमच्या घरी जातं थांबलं नाही, ते त्यांच्यामुळे. भाकरीची ज्वारी, आंबोळीचे तांदूळ, थालीपिठाची भाजणी, सगळं त्याच दळत. "पीठ म्हंजे काय रं? दाण्यानं हट्ट सोडला की पीठ." त्यांनी स्वतः मात्र तो कधी सोडला नाही.

नवरा गेला तेव्हा त्यांची सुशी पाळण्यात होती. तिला घेऊन त्या धाकट्या भावाकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे आल्या आणि जात्यापाशी बसल्या. विधवेनं दळलेलं पीठ खाऊन आमचं अख्खं घर धडधाकट झालं. शास्त्राची त्याला हरकत नव्हती. हरकत निघाली सुशीच्या लग्नात.

नवरीची हळद घरच्या जात्यावर दळायची, ती पाच सवाष्णींनी. आक्कांची एकच इच्छा होती, लेकीची हळद आपल्या हातानं दळायची. आप्पांना, माझ्या वडिलांना, शास्त्र पंचांगाच्या पुठ्ठ्याएवढंच ठाऊक होतं, पण आवाज मोठा होता. त्यांनी बहिणीला आत जाऊन बसायला सांगितलं.

"पुरणपोळीची कणीक मी दळली. ती चालतीया न्हवं?"

"ते खाण्याचं झालं, आक्का."

"मग तोंडापरीस गाल सोवळा व्हय रं?"

आप्पांनी दाराकडे बोट दाखवलं. आक्कांनी जात्याचा लाकडी खुंटा उपसला आणि मांडीवर घेऊन तिथंच बसल्या. पदर खोचलेल्या पाच सवाष्णी मुक्या दगडाभोवती उभ्या राहिल्या. संकेश्वरची वरपक्षाची मंडळी मांडवात ताटकळली. आप्पांनी आधी दटावलं, मग विनवलं.

शेवटी सुशी बाहेर आली आणि जात्यापाशी बसली. "आई, खुंटा बसव. तू दळल्याबिगर मी हळद लावून घ्यायची न्हाय."

मायलेकींनी दळायला घेतलं. थोड्या वेळानं एक सवाष्ण खाली बसली आणि मुठीनं हळद घालू लागली.

आक्का जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे आता हळदीचा खुंटा पहिल्यांदा नवरीची आई धरते, सवाष्ण असो वा नसो. पाहुण्यांना नवल वाटलं की आप्पा अभिमानानं सांगतात, "आमच्यात हे पूर्वापार चालत आलंय." बहिणीचं नाव घेत नाहीत.