लंगडीत पाय टेकला तेव्हा

मंडळी, आज दुपारी पुणतांब्याच्या शाळेत नातीला आणायला गेले. ती ऑटिस्टिक आहे. लंगडीत कुणाचाही पाय टेकला की ती "बाद" म्हणते, स्वतःचा टेकला तरी. म्हणून मुली तिला घेत नसत.

आज घेतलं. समोर एकीचा पाय टेकला. नातीनं बघितलं, पण ती बोलली नाही.

बाई खूश. "आता जुळवून घेते बघा."

मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. शाळेत खायला सुकडी वाटायचे. माझी धाकटी बहीण शांता अशीच होती. सरपंचाची पोर दुसऱ्यांदा रांगेत आली की मोठ्यानं सांगायची, "हिनं घेतलीय आधी."

आई म्हणाली, "गप ऱ्हा, न्हाईतर आपली बी बंद व्हईल."

शांता त्या दिवसापासून गप्प झाली, ती कायमची.

खरं बोलूनही खेळात राहिलेलं मूल तुमच्या पाहण्यात आहे का? माझ्या नाही.