झेडवरची लाल फुली

घरी हे कोणालाच माहीत नाही. कंपनीत एका बाईला माहीत आहे, आणि त्यांनी ते पुन्हा कधी काढलं नाही. मीही नाही — आजपर्यंत.

अंबडच्या एका कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. सगळी ड्रॉइंग्ज सर्व्हरवर असतात. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर तो ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह म्हणून दिसतो. सकाळी लॉगिन केलं की आपोआप जोडला जातो. एका वर्षी मात्र तो जोडला जात नव्हता. झेडवर लाल फुली यायची.

ड्रॉइंग विभागातल्या गांगुर्डेताई रोज फोन करायच्या. “भाऊ, तुमचा झेड आज पण रुसला.” मी हसायचो, डबल क्लिक करा म्हणायचो. कधी उघडायचा, कधी नाही.

कारण मला कळत नव्हतं का? पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कॉम्प्युटर सुरू व्हायला वेळ लागतो अशी मॅनेजरसाहेबांची तक्रार होती, म्हणून लॉगिनआधी नेटवर्कसाठी थांबण्याची सेटिंग मीच बंद केली होती. कॉम्प्युटर झटपट उघडू लागले — नेटवर्क येण्याआधीच. मग झेड कुठून सापडणार? पण साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली होती. ती कशी परत करायची?

म्हणून ताईंना सांगितलं — फुली दिसली तर फाइल डेस्कटॉपवर ठेवा, दुपारी झेडवर टाका. तोंडी सांगितलं. मेल केला नाही. का केला नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा ताईंनी एका ड्रॉइंगमध्ये भोकाचं माप बदललं. सकाळी फुली होती, फाइल डेस्कटॉपवर राहिली. दुपारी सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, त्या घाईत निघाल्या. खाली मशीनवरच्यांनी झेडवरचं जुनं ड्रॉइंग घेतलं. पूर्ण लॉट बाद झाला.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. फाइल डेस्कटॉपवर का, असं विचारलं. ताई म्हणाल्या, “भाऊंनीच सांगितलं होतं.”

“नाही सर. मी तर सगळ्यांना सांगतो, फाइल झेडवरच ठेवा.”

माझा आवाज अडखळला नाही. खोटं बोललो त्यापेक्षा याचीच लाज जास्त वाटते. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. बारा वर्षं ड्रॉइंग केलेल्या ताई सोमवारपासून डिस्पॅचमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवू लागल्या. अजून तिथेच आहेत.

त्याच आठवड्यात मी सेटिंग पुन्हा चालू केली. दोन मिनिटांचं काम. फुली गेली. कॉम्प्युटर पुन्हा हळू सुरू होतात, हे साहेबांच्या लक्षातही आलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीनींची पूजा होते. सर्व्हरची पूजा पहिल्यापासून ताई करायच्या. गेल्या वर्षी येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो — खरं तर तशी आशा होती. त्या ताट घेऊन वर आल्या. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. त्यांच्या जागी आलेली मुलगी चिडवत म्हणाली, “ताई, याच्यापायी तर तुम्ही खाली गेलात, अन् यालाच फूल?”

“त्याचा काय दोष गं?” ताई म्हणाल्या.

मी दारात उभा होतो. जाताना त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी तो खाल्ला.