मशीन रूममधला हिवाळा

माझ्या मेव्हण्याचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि यात त्याची काही चूक नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी त्याचा टेपरेकॉर्डर 'साफ करून देतो' म्हणून उघडला होता. टेपरेकॉर्डर परत बंद करता आला, पण तो पुन्हा बोलला नाही. मेव्हणाही काही महिने बोलला नाही.

तरी चौऱ्याण्णव सालच्या नोव्हेंबरात तो गिटारची काळी पेटी घेऊन सिंगापुरातल्या आमच्या तोआ पायोहच्या फ्लॅटच्या दारात उभा राहिला, कारण त्याला दुसरा इलाज नव्हता. तो जहाजावर इंजिनिअर. सिंगापूरहून चढायचं आणि अख्खा हिवाळा कोरिया नि उत्तर जपानच्या बंदरांत काढायचा, अशी त्याची फेरी होती.

"दाजी, तिकडं बाहेर बर्फ आणि केबिनमध्ये हीटर," तो म्हणाला. "हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात. मागच्या फेरीत आमच्या कुकच्या गिटारची पुढची फळी उभी फाटली. ही मी तिकडं नेत नाही. इथल्या दमट हवेत लाकूड मजेत राहील. पलंगाखाली ठेवा, आणि मेहरबानी करून हात लावू नका."

गिटार काही साधीसुधी नव्हती. सासऱ्यांनी आयुष्यभर त्या वाद्याला नावं ठेवली आणि रिटायर झाल्यावर स्वतः कोल्हापूरहून मुंबईला जाऊन मुलासाठी तीच घेऊन आले. पुढच्या पावसाळ्याआधी ते गेले. मुलाचं वाजवणं त्यांनी एकदाच ऐकलं, तेही पेपर डोळ्यांसमोर धरून. त्यामुळे मार्चमध्ये मेव्हणा उतरेल तेव्हा गिटार जशीच्या तशी त्याच्या हातात पडली पाहिजे, हे बायकोने मला त्या संध्याकाळी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, आणि मग जेवताना अधूनमधून सांगत राहिली.

मला संशय आला तो हवेचा. पुण्याच्या एका लग्नासाठी घेतलेले माझे चामड्याचे बूट कपाटात हिरवे झाले होते. पट्ट्यावर बुरशी, कॅमेऱ्याच्या भिंगावर बुरशी. अशा हवेत लाकूड मजेत राहील? मेव्हणा इंजिनिअर असला तरी इंजिनांचा. लाकडातलं त्याला काय कळतं, असं मी ठरवून टाकलं. मला काय कळतं, हा प्रश्न मला पडला नाही.

बुओना व्हिस्टाजवळच्या आमच्या ऑफिसात मशीन रूम होती. कपाटाएवढे कॉम्प्युटर, चोवीस तास एसी. बाहेर घामाने शर्ट चिकटलेला असायचा आणि आत लोक स्वेटर घालून फिरायचे. तिथे बुरशीची काय टाप होती. एका सोमवारी मी पेटी घेऊन एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलो.

"त्याने पलंगाखाली ठेवा म्हटलंय," बायको म्हणाली होती.

"पलंगाखाली काय होतं ते माझ्या बुटांना विचार," मी म्हणालो होतो.

मशीन रूमचा ताबा एका चिनी ऑपरेटरकडे होता. पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा गृहस्थ. सगळे त्याला अंकल म्हणत. मी पेटी मागच्या मांडणीवर चढवली तसा तो जवळ आला.

"गिटार? कॅन ओपन?"

"नो," मी म्हणालो.

"ओके, ओके," म्हणत तो गेला. पण जाताना त्याने पेटीवरून हात फिरवला. गुरं पारखणारा माणूस बैलाच्या पाठीवरून फिरवतो तसा. माझ्या मनात अंकलच्या नावे संशयाचं खातं तिथे उघडलं.

नवीन कॉम्प्युटरच्या खोक्यांत ओल शोषून घेणाऱ्या दाण्यांच्या छोट्या पांढऱ्या पुड्या येतात. त्या मी बरेच दिवस जमवत होतो. मूठ मूठ भरून त्या गिटारच्या पेटीत टाकल्या आणि घरी येऊन अभिमानाने सांगितलं.

"अहो, गिटार आहे ती," बायको म्हणाली. "बाकरवडी नव्हे."

महिनाभर मी रोज दुपारी जाऊन गिटारची हजेरी घ्यायचो, म्हणजे पेटी उघडून एकेक तार छेडायचो. हात लावू नका असं सांगितलं होतं, पण मी बोट लावत होतो. डिसेंबरच्या अखेरीस एक तार झणझण वाजली. दोन दिवसांनी दुसरी. मग गिटारच्या मानेवरून बोट फिरवलं तर पडद्यांची, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेला टोचली. पूर्वी टोचत नव्हती. पुढची फळीही मला किंचित बसल्यासारखी वाटली.

कुणीतरी ही वाजवतंय. नुसतं वाजवत नाही, हिच्यावर बसलंसुद्धा असेल. जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये नूडल्स खाताना याहून भयंकर शंका आली. सासऱ्यांची गिटार कुणीतरी नेली आणि तिच्या जागी हलकी दुसरी ठेवली. परत येऊन मी तिच्या पाठीवरचा जुना ओरखडा शोधला. ओरखडा होता. मला थोडा वेळ असंही वाटलं, की चोराने ओरखडाही मारला असेल.

त्या संध्याकाळी मी बायकोला म्हणालो, "तुझा एक केस दे. लांबसा."

"कशाला?"

"पेटीच्या कडीवर चिकटवायचाय. कुणी उघडली तर तुटेल."

तिने वेणीतून एक केस ओढून दिला. "माझ्या भावाच्या गिटारसाठी देतेय," ती म्हणाली. "तुमच्या हेरगिरीसाठी नाही."

दुसऱ्याच दिवशी केस तुटला होता. पेटी उघडली तर आत, गिटारच्या मानेखाली, भोकं पाडलेली साबणाची डबी. डबीत स्पंजाचा ओला तुकडा. माझ्या पुड्या गायब.

पाणी! लाकडी वाद्यात पाणी घालणारा माणूस वैरीच असणार. मी डबी कचऱ्यात फेकली आणि दुप्पट पुड्या भरल्या. चार दिवसांनी पुन्हा डबी. मी पुन्हा फेकली. तिसऱ्या खेपेला डबी आली नाही, आणि मी जिंकलो असं समजून आठवडाभर पेटी उघडलीच नाही. उघडली तेव्हा पुढच्या फळीवर, तारा जिथे खाली अडकवतात तिथून, एक बारीक काळी रेघ निघाली होती. मी ती रुमालाने पुसली. पुसली जाईना. नखाने चाचपली, तर नख आत गेलं.

मी तडक अंकलसमोर जाऊन उभा राहिलो. "यू पुट वॉटर इन माय गिटार?"

"नॉट इन गिटार. इन बॉक्स," तो शांतपणे म्हणाला. मग माझ्या हातातली गिटार बघून त्याचा चेहरा उतरला. "आय्या. यू थ्रो अवे, इझ इट? आय थॉट क्लीनर थ्रो."

त्याने मला दंडाला धरून भिंतीवरच्या तबकडीपाशी नेलं. हवेतली ओल दाखवणारा काटा होता तो. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. काटा पार डाव्या, कोरड्या टोकाला झोपला होता. "सिंगापूर नो विंटर?" तो आपल्या स्वेटरची बाही ओढत म्हणाला. "हिअर गॉट विंटर, ला. एव्हरी डे."

त्याच्या थोरल्या भावाचं वाद्यदुरुस्तीचं दुकान होतं आणि अंकलची निम्मी हयात तिथे लाकूड चिकटवण्यात गेली होती. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, मग पडदे टोचतात, फळी बसते, तारा झणझणतात आणि शेवटी लाकूड फाटतं, हे त्याने मला हातवारे करत समजावलं. मला आधी का नाही सांगितलंस, असं मी विचारलं. "आय आस्क ओपन, यू से नो," तो म्हणाला. "सो फिअर्स. आय डोन्ट आस्क अगेन."

म्हणजे सासऱ्यांची गिटार कोरड्या हिवाळ्यापासून वाचावी म्हणून माझ्याकडे आली, मी विषुववृत्ताशेजारी तिच्यासाठी हिवाळा शोधून काढला, आणि तिला वाचवू पाहणाऱ्या एकुलत्या एक माणसाचा प्रयत्न दोनदा हाणून पाडला. बायकोला हे याच क्रमाने सांगितलं. तिने भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं आणि ते जरुरीपेक्षा बराच वेळ मळलं.

गिटार घरी आली, पलंगाखाली गेली, पुड्यांविना. अंकल रविवारी येऊन बघून जायचा. तीनेक आठवड्यांत लाकूड ओल पिऊन फुगलं, पडद्यांची टोकं आत गेली, भेग जवळजवळ मिटली. मग त्याने आमच्या जेवणाच्या टेबलावर भेगेत सरस भरून, आतून लाकडाची पातळ चकती चिकटवून ती बंद केली. मला उजेडासाठी बॅटरी धरायला दिली होती. थोड्या वेळाने तीही त्याने बायकोच्या हातात दिली.

मार्चमध्ये मेव्हणा आला. पेटी उघडून त्याने आधी गिटार वाजवली. आवाज चांगला होता. मग त्याचा अंगठा फळीवर फिरता फिरता थांबला.

"दाजी, ही कोरियाला कधी जाऊन आली?"

मी सगळं सांगितलं. केसासकट. तो हसला नाही. बराच वेळ फळीवर गाल टेकून त्या रेघेच्या बाजूने तिरपा बघत राहिला, आणि मला ते बघवेना म्हणून मी गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या घड्या करायला लागलो. ते अजून ओले होते.

"बाबांनी माझं वाजवणं ऐकलं ती हीच राहिली ना," शेवटी तो म्हणाला. "ते अंकल कुठं राहतात?"

अंकल आमच्यापासून दोन ब्लॉक पलीकडे राहत होता. त्या दोघांनी अर्धा दिवस कशावर गप्पा मारल्या ते मला नीट माहीत नाही, कारण मला तीनदा खाली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, आणायला पाठवलं होतं. मेव्हण्याची पुढची फेरी लागली तेव्हा गिटार कुणाकडे राहणार हे मला कुणी विचारलंही नाही.

आमच्या मजल्यावर लिफ्ट थांबत नसे, एक जिना उतरावा लागे. पेटी अंकलकडे न्यायच्या दिवशी मी ती उचलायला वाकलो.

"राहू द्या, दाजी," मेव्हणा म्हणाला आणि माझ्या हातात सुट्या तारांचं पाकीट ठेवलं. "हे घ्या."

ते पाकीट मी दोन्ही हातांत धरून दोन ब्लॉक चाललो. अंकलच्या दारात मेव्हण्याने ते माझ्याकडून परत घेतलं, आणि आत तारा आहेत ना, हे उघडून बघितलं.