आण्णांच्या जबड्यातली भुकटी

"कशाचं हाय वो ह्ये?"

खुर्चीत बसण्याआधी आण्णांचा हा प्रश्न ठरलेला. गुळण्यांचं औषध असो की दातांचं माप घ्यायचा लगदा, उत्तर मिळाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लगदा समुद्री शेवाळापासून करतात म्हटल्यावर विचारात पडले. "शेवाळातबी जीव असतोय की." मग स्वतःच तोड काढली, "गिळायचं न्हाई न्हवं? मग घाला."

तुम्हीही दातांचे डॉक्टर असाल, तर असे पेशंट पाहिले असतील. कंपाउंडर वैतागायची, मला मात्र मजा वाटायची.

ते माधवनगरचे, हळदीचे व्यापारी, कडक जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं आणि मावळला की ताट सारायचं. खालच्या दाढा गेल्यापासून एक भाकरी चावायला तास लागे. थंडीत दिवस लहान, मग निम्मं जेवण ताटातच राही. "डॉक्टर, पोटभर जेवाय मिळू द्या, बास," एवढंच त्यांचं मागणं.

मी इम्प्लांट बसवला, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू आणि त्यावर दात. चालू कामात हाड कमी पडलं, तेव्हा कपाटातली हाडाच्या भुकटीची बाटली फोडून मी ती जागा भरली. नंतर तसं सांगितलंही. त्या वेळी त्यांच्या तोंडात कापूस होता आणि जीभ बधिर. त्यांनी नुसती मान हलवली. विचारता न आलेली ती एकच वेळ. मला सुचायला हवं होतं, नाही सुचलं.

दोन वर्षं छान गेली. मग इम्प्लांटभोवतीची हिरडी खाली सरकली, आतला धातू दिसू लागला. टाळूची कातडी काढून तिथं लावायची, तर त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. म्हणून मी त्याऐवजी कातडीसारखी तयार कोलॅजनची पट्टी सुचवली. टाळू कापायला नको, दुखणंही कमी.

"कशाचं हाय वो ह्ये?"

खोटं बोलणं सोपं होतं. "डुकराच्या कातडीपासून करतात, आण्णा. शुद्ध करून."

"नको." त्यांनी गालावरून त्या दाताला हात लावला. "आन् मागं भरली ती भुकटी?"

"जनावराच्या हाडाची."

"काढा."

"ती आता तुमच्या हाडात मुरलीय. निघत नाही."

"म्हंजे मरूस्तोवर माझ्यातच ऱ्हाणार," ते सावकाश म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढं आण्णांच्या सुनेचा फोन आला. मामांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, मुनी महाराजांकडून प्रायश्चित्त घेतलंय, एक दिवसाआड उपास. "तुमी तरी सांगा," ती म्हणाली. पोटभर जेवायला मिळावं म्हणून माणूस माझ्याकडे आला होता.

पर्युषण संपल्यावर जैन लोक घरोघर जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. त्या दिवशी आण्णा दवाखान्यात आले, निम्मे झालेले. दारातच हात जोडले.

"क्षमा करा, डॉक्टर. तवा तुमच्यावर लय राग आला हुता. बोललो न्हाई, पर आला हुता."

मी खुर्चीतून उठलो. "आण्णा, चूक तर माझी..."

"ती तुमची. मी माझी मागाय आलोय," असं म्हणून ते पायऱ्या उतरून गेले.

माधवनगर दवाखान्यापासून दहा मिनिटांवर. एकदा जाऊन नीट माफी मागायची, असं मी रोज ठरवत राहिलो. उन्हाळ्यात आण्णा गेले.