मुरघासाचा खड्डा आणि माझं जीवशास्त्र

गडहिंग्लजच्या एका कॉलेजात मी तीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं. किण्वनाचा धडा माझ्या खास आवडीचा. फळ्यावर मी चारा साठवायचा उंच मनोऱ्यासारखा सायलो काढायचो, आत हिरवा चारा, वर शंकूसारखी टोपी. असा मनोरा मी प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. पण चित्र इतकं सुबक यायचं की मुलांना वाटे, सरांच्या शेतात एखादा तरी असणार.

निवृत्त झालो आणि नेसरीजवळच्या आमच्या गावी परतलो. घरी थोरले दादा, वहिनी आणि त्यांच्या सहा म्हशी. साखर कारखान्याचा हंगाम संपला की उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मिळायचं बंद होई. मग पाऊस पडेपर्यंत म्हशींना वाळका कडबा, आणि दूध आटायचं. एकदा जेवताना वहिनी म्हणाल्या, "वाडं संपलं की म्हशी माझ्याकडं बघत्यात आनी मी आभाळाकडं."

"वहिनी, यंदा मुरघास करू," मी म्हणालो.

"ते काय असतंय?"

कुणी असं विचारलं की पाऊण तासाच्या आत थांबणं मला जमत नाही. मी सांगितलं, मक्याचा दाणा चिकात असताना अख्खं पीक कापायचं, बारीक कुट्टी करायची, खड्ड्यात दाबून भरायची आणि वरून झाकायचं. आतली हवा संपली की काही जिवाणू मक्यातल्या साखरेचं आम्ल करतात. त्या आंबटपणात चारा कुजत नाही, महिनोन्महिने टिकतो. परदेशात त्यासाठी मनोरे बांधतात, आपल्याला खड्डा पुरे. तोवर दादा बसल्या जागी घोरू लागले होते. वहिनींनी ताटं उचलता उचलता विचारलं, "म्हंजे आत वारं जाऊ द्यायचं न्हाय. एवढंच की?"

"एवढंच नाही," मी जरा दुखावून म्हणालो आणि उरलेला धडा पुरा केला.

दादांनी गोठ्यामागं खड्डा काढून घेतला. मका पेरला. माघात दाणा चिकात आला. इथवर सगळं दादा-वहिनींच्या हातात होतं, त्यामुळं सुरळीत झालं. पुढं माझं डोकं चाललं. गावातला हा पहिलाच मुरघास, तर त्याचं उद्घाटन व्हायला हवं. माझा एक जुना विद्यार्थी मोठा अधिकारी झाला होता. त्याला फोन केला. "येतो सर, तुमच्यासाठी कायपण," तो म्हणाला.

ठरल्या दिवशी सकाळी मका कापला. कुट्टीचं यंत्र दुपारपर्यंत धडधडत राहिलं आणि खड्ड्याच्या कडेला हिरवागार ढीग लागला. नारळ, हार, खुर्च्या, सगळं तयार. पाहुण्याचा फोन आला, मीटिंग लागली, उद्या येतो. वहिनी म्हणाल्या, "भावजी, भरून टाकूया. ते आल्यावर नारळ वरनं फोडू दे."

"रिकाम्या खड्ड्याचं उद्घाटन असतं. भरलेल्या खड्ड्याचं कसं करणार?"

दुसऱ्या दिवशीही मीटिंगच लागली. वहिनींनी ढिगात हात घातला आणि झटक्यात काढला. "पोळतंय की हो!" मी लगेच जमलेल्या माणसांना समजावून सांगितलं की कापलेल्या वनस्पतीचंही श्वसन चालू असतं, त्यातून उष्णता बाहेर पडते. सगळ्यांना पटलं. ढीग मात्र तापतच राहिला.

तिसऱ्या दिवशी पाहुणा आला, नारळ फुटला, तो माझ्याबद्दल चार शब्द चांगले बोलला. मग खड्डा भरला, ट्रॅक्टर फिरवून दाबला, प्लास्टिक ओढलं, वर माती आणि जुने टायर टाकले. दीड महिना हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना बजावलं.

पण लोक बघायला यायला लागले. कोण आजऱ्याहून, कोण चंदगडहून. बघायला आलेल्या माणसाला नुसते टायर कसे दाखवायचे? मी एका कोपऱ्यातली माती सारायचो, प्लास्टिक उचलायचो, मूठभर चारा काढून त्याच्या नाकाशी धरायचो आणि सांगायचो, "या सगळ्याचं मर्म एकच, हवाबंद!" मग पुन्हा झाकायचो. असं दहा-बारा वेळा तरी झालं असेल. दादा एकदा बोलले, "आरं, सारखं उघडू नगंस." मी म्हणालो, "दादा, शिक्षण असंच पसरतं."

शिमग्यानंतर वाडं संपलं आणि आम्ही खड्डा उघडला. निम्मं गाव जमलं होतं. प्लास्टिक बाजूला झालं आणि पुढची माणसं मागं सरकली. वरचा थर काळाठिक्कर, त्यावर पांढरी बुरशी, आणि वास असा की विचारू नका. मी एक घमेलं नेऊन म्हशीपुढं ठेवलं. तिनं हुंगलं, फुरफुरली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. तीस वर्षांत वर्गात इतक्या उघडपणे माझ्याकडं पाठ कुणी केली नव्हती.

"मास्तर, ह्यो चारा हाय का खत?" मागून कुणीतरी विचारलं. मला वाटलं, गडहिंग्लजची एसटी धरावी आणि परत यायचंच नाही.

वहिनींनी पदर खोचला आणि खोरं घेऊन त्या खड्ड्यात उतरल्या. काळा थर ओढून बाजूला काढला. मी उघडत होतो तो कोपरा तर तळापर्यंत गेला होता. पण मधे, हातभर खाली, चारा पिवळसर हिरवा निघाला. त्याला आंबटगोड वास होता. वहिनींनी मूठभर हुंगला, मग माझ्यापुढं धरला.

"लोनच्याच्या बरनीत रोज हात घातल्यावर काय व्हनार, भावजी? खालचं ऱ्हायलंय, कारन तितं तुमचा हात पोचला न्हाय."

लोक हसले. दादाही हसले. मग मीही हसलो, कारण त्यात शास्त्रीय चूक काढता येईना. खालचा चारा म्हशींनी चाटूनपुसून खाल्ला. निम्मा खड्डा वाया गेला होता, उरलेल्यावर उन्हाळ्याचा महिना-दीड महिना निघाला.

पुढच्या वर्षी वहिनींनी कुणाला काही सांगितलं नाही. एका दिवसात कापणी, कुट्टी, भरणी. मी पुस्तक घेऊन कडेला उभा राहिलो, तशा म्हणाल्या, "ते ठेवा आनी चपला काढून आत उतरा. कडंला ट्रॅक्टर पोचत न्हाय, तितं तुडवा." मी दिवसभर तुडवलं. संध्याकाळी पायऱ्या चढवेनात. त्या खड्ड्यातलं वाया गेलं ते फार तर दोन पाट्या चारा.

आता आसपासच्या गावांतून मुरघासावर बोलायला मला बोलावतात. मी प्रत्येक ठिकाणी सांगतो, खरं तर वहिनींना बोलवा. त्यांना विचारायलाही येतात. पण व्याख्यानं संध्याकाळची असतात, आणि ती त्यांची धारेची वेळ. "तुमीच जावा," त्या म्हणतात, "तुमाला येळ हाय."